बागूल सरांचा लाल ठिपका

बागूल सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला आहे. त्या निमित्तानं निघणाऱ्या स्मरणिकेसाठी मी चार शब्द लिहावेत, असा निरोप धुळ्याहून आला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी म्हटलं, "चार शब्दांत मी कोणाला सोडत नाही. आणि लिहीन ते गोड नसेल, आधीच सांगतो." तो हसून म्हणाला, "तुमचं नाव सरांनीच सुचवलं."

बघा. ज्या माणसानं माझं दुकान उठवलं, तोच माणूस स्वतःच्या सत्कारात माझं नाव सुचवतो. यात त्यांचा काही डाव असता तर मला बरं वाटलं असतं. डाव करणारी माणसं मला कळतात, त्यांच्यात माझा जन्म गेला. पण सरांच्या मनात डाव नव्हताच. त्यांना खरोखर वाटत असणार की सुकाभाऊंकडे आपल्याविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आहेच. म्हणून लिहितो. विद्यार्थ्यांनी छापावं, नाहीतर फाडावं.

मी पहूरजवळच्या एका खेड्यातला. विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी सायकलला बांधून जळगावात आणायचो, वाइंडिंग करून परत नेऊन द्यायचो. त्यातून जुन्या पाणपोईच्या चौकात मोटारपंपांचं दुकान उभं केलं. बापाची जागा नाही, सासऱ्याची मदत नाही. त्या चौकात माझं एकच भांडवल होतं, माझा गळा. ओट्यावर उभं राहायचं आणि रस्त्यानं पिकअप, ट्रॅक्टर, कोणाची मोटारसायकल चालली की हाक मारायची. "ओ आबा! मोटार कशी चालतेय?" झालं. आबा थांबणार. आपल्याकडे नावानं हाक मारली आणि माणूस पुढे निघून गेला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात बातमी पोचते की हा माजला. म्हणून सगळे थांबतात, आणि थांबतात ते रस्त्याच्या मधोमध, इंजिन चालू ठेवून. गिऱ्हाईक सीटवरून उतरत नाही. उतरलं तर त्याला वस्तू घ्यायचीच आहे हे दुकानदाराला कळतं, मग भाव कशाला उतरेल? म्हणून ते वर, मी खाली. मी पायदानावर एक पाय ठेवणार, ते स्टिअरिंगवर हात ठेवून "राहू दे, घाई आहे" म्हणणार. अर्ध्या गोष्टी तिथंच ठरायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे. वाजवू देत. त्यातल्या निम्म्यांना मी नंतर हाक मारणारच असायचो.

या चौकातली कोंडी सोडवायची असं शहराच्या वाहतूक समितीनं ठरवलं आणि धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून बागूल सरांना बोलावलं. ते देवपुरात राहायचे. सकाळच्या एसटीनं यायचे. उंच, वाकलेले, डोक्यावर पांढरी कापडी टोपी, बुटांत मोजे नाहीत. रस्ता ओलांडायचा असेल तर पट्ट्यांवरूनच ओलांडायचे. त्या पट्ट्या कधीच पुसल्या गेल्या होत्या, पण त्या कुठे होत्या हे सरांना माहीत होतं. तिथं जाऊन उभे राहायचे. कोणी थांबायचं नाही. सर उभेच.

पहिल्या दिवशी माझ्या ओट्याशी येऊन त्यांनी विचारलं, "इथं बसलो तर चालेल का? इथून चौक पूर्ण दिसतो."

मी खुर्ची दिली. चहा सांगितला. दारात आलेला माणूस परत पाठवायचा नाही ही आमची रीत. पुढचे कित्येक दिवस त्यांचा मुक्काम माझ्याच ओट्यावर होता. चारही कोपऱ्यांवर त्यांचे विद्यार्थी गाड्या मोजायचे आणि सर माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा बशीत ओतून पीत, माझ्याच गिऱ्हाइकांकडे बघत राहायचे. कधी "नाही" म्हणायचे नाहीत. चहा विचारला तर "चालेल". पोहे विचारले तर "चालेल". पंखा लावू का, "चालेल". मला वाटलं, किती गरीब स्वभावाचा माणूस.

त्यांना भाव करता येत नव्हता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. भरिताच्या वांग्यांचे दिवस होते. चौकात एक अक्का पाटी घेऊन बसायची. सरांनी भाव विचारला, तिनं सांगितला, सरांनी खिशातून पैसे काढून दिले. मी ओट्यावरून बघत होतो. अंगाची आग झाली.

"सर, तुम्ही बाजार नासवता! तिनं सांगितला तो भाव देतात का?"

"तिनं विचार करूनच सांगितला असेल ना?"

"तुम्ही कमी करणार म्हणून वाढवून सांगितला! बघा तिच्याकडे, तिलाच चुकल्यासारखं झालंय."

अक्का खरंच गोंधळली होती. तिनं न मागता दोन वांगी जास्त टाकली. सर हातातल्या पिशवीकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी काय करणार हे तिनं आधीच धरून ठेवलं होतं. वा!" त्यांना वांग्यांचं काही नव्हतं, आपण कसे वागतो यात त्यांना रस. गिधाड जसं वरून बघतं तसं ते आम्हाला बघत होते, आणि मला ते कौतुक वाटत होतं.

एके दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडून मला त्यांचं काम दाखवलं. पडद्यावर आमचा चौक, वरून बघितल्यासारखा. त्यात रंगीत ठिपके पळत होते. निळे ठिपके मोटारसायकली, पिवळे रिक्षा, हिरवे पिकअप आणि ट्रॅक्टर. सर म्हणाले, "प्रत्येक ठिपक्याला मी स्वभाव दिलाय. हा घाईतला. हा दबकत जाणारा. हा सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच निघणारा. खऱ्या रस्त्यावर काही बदललं तर काय होईल, ते आधी इथं बघायचं. चुकलं तर इथं चुकू दे."

मी तासन्‌तास बघितलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. बाजारात त्याला "गाड्यांचा खेळ" असं नावच पडलं. फक्त एक अडचण होती. खऱ्या चौकात व्हायची तेवढी कोंडी सरांच्या पडद्यावर होत नव्हती. सर त्रासून गेले होते. "गाड्या तितक्याच, रस्ता तितकाच, तरी इथं मोकळं आणि तिथं तुंबलेलं. काहीतरी सुटतंय माझ्याकडून."

तेवढ्यात पारोळ्याकडचे गिरधर आबा पिकअप घेऊन चालले होते. मी हाक मारली. ते थांबले. आमचं बोलणं झालं, मागं रांग लागली, नेहमीचंच. सर उठून थेट आबांच्या खिडकीशी गेले आणि घरच्या अहिराणीत, इथं का थांबलात म्हणून विचारलं, "आबा, आठे काब्र थांबनात?"

आबा म्हणाले, "सुकानी हाक मारी ना! हाक मारी ते थांबनं पडस. थांबनार नही तो मानूस कसाना?"

सर परत येऊन बसले. मला विचारलं, "तुम्ही हाक मारली की किती जण थांबतात?"

मी अभिमानानं सांगितलं, "सगळे! माझी हाक म्हणजे ब्रेक. या जळगावात दुसऱ्या कोणाच्या हाकेला ट्रॅक्टर थांबतो का विचारा." आणखीही बरंच सांगितलं. कुठल्या दिशेच्या गाडीला आधी हाक मारायची, कोण किती वेळ घासाघीस करतो, कोणाला चहा पाजला तर लांबतं. धंद्याची विद्या मी पोटच्या पोराला सांगितली नसती ती सरांना सांगितली. ते मान हलवत होते. बशीतला चहा गार झाला.

मग ती बैठक झाली. समितीचे लोक, व्यापारी, पत्रकार, सगळे हॉलमध्ये. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. सरांनी पडद्यावर चौक लावला. ठिपके पळू लागले. चौकाच्या दक्षिणेला, माझ्या ओट्याच्या जागी, एक लाल ठिपका होता. तो हलत नव्हता. हिरवे ठिपके त्याच्याजवळ यायचे आणि थांबायचे. त्यांच्या मागं निळे, पिवळे तुंबायचे. बघता बघता रांग मागच्या चौकात पोचली.

"आता हे बघा," असं म्हणून सरांनी लाल ठिपका काढून टाकला. रस्ता पाण्यासारखा वाहू लागला.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला सुकाभाऊ!"

अख्खा हॉल हसला. सर घाईनं म्हणाले, "नाही, नाही, ती व्यक्ती नाही. ती फक्त थांबण्याची शक्यता आहे." त्यावर लोक आणखी हसले. तेव्हापासून बाजारात माझं नाव ठिपका. समोरचा टायरवाला सकाळी दुकान उघडताना, "काय ठिपकाभाऊ, आज किती थांबवणार?" म्हणायचा. लग्नात पंगतीला बसलो तर, "तिकडे सरका रे, ठिपक्यामागं रांग लागेल." चाळीस वर्षं घासून मिळवलेलं नाव एका दुपारी गेलं. मी सरांना त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर गाठलं.

"माझ्या खुर्चीत बसून माझा चहा प्यायलात, आणि मलाच भर सभेत उभं केलंत?"

ते खरंच चकित झाले. "पण सुकाभाऊ, तुम्हीच तर सांगितलंत. त्याच्याशिवाय मॉडेल जमतच नव्हतं. तुमचा केवढा उपयोग झाला!"

माझा उपयोग झाला! हे त्यांनी आभार मानायच्या सुरात म्हटलं.

समितीनं ठरवलं की माझ्या बाजूला रस्त्याच्या मधोमध सलग डिव्हायडर घालायचा. म्हणजे समोरून येणारी गाडी माझ्याकडे वळणार नाही आणि माझ्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यात कोणी थांबलं तर मागचे त्याला उभंच राहू देणार नाहीत. पारोळा, एरंडोलकडून येणारी सगळी माझी माणसं समोरच्या बाजूनं येतात. त्यांना पुढच्या चौकातून वळसा घालून परत यावं लागणार, आणि त्या वळशावरच दुसरं मोटारपंपाचं दुकान आहे. माझ्यापर्यंत कोण येतं? मला डिव्हायडरमध्ये एक फट हवी होती. एक पिकअप जाईल एवढी. बाकी डिव्हायडर हवा तेवढा लांब करा.

मी धुळ्याला गेलो. कॉलेजात त्यांच्यासमोर बसलो आणि मला येते ती सगळी विद्या वापरली. रागावलो, हसलो, उठून चाललो, परत बसलो. आधी मोठी फट मागितली, मग लहान. मग फक्त सकाळची फट. दुसरा कोणी असता तर कुठेतरी "बरं, तुमचंही नको आणि माझंही नको" म्हणाला असता. माणूस जिथं नाही म्हणतो तिथून सौदा सुरू होतो. पण सर नाही म्हणतच नव्हते.

"मी नाही कुठं म्हणतो? चालवून बघू."

आणि ते खरंच चालवून बघायचे. मी म्हणेन तशी फट पडद्यावर ठेवायचे. हिरवे ठिपके फटीत घुसायचे, मागं रांग लागायची. "बघा, तुमची फट." लहान फट. रांग. सकाळची फट. रांग. एकदाही त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला नकार दिला नाही. प्रत्येक वेळी यंत्राला द्यायला लावला. माझ्या मते हा भित्रेपणा आहे. नाही म्हणायचं तर माणसानं डोळ्यांत बघून म्हणावं, शिवी खायची तयारी ठेवावी. यंत्राच्या आड कोणीही बसेल.

डिव्हायडर झाला. गिरधर आबा त्या बाजूनं गाडी हळू करून ओरडले, "सुका, आते आम्ही कथाईन येवानं? बठ्ठा रस्ताच बांधी टाका यासनी!" यायचं कुठून ते सांगायला मी हाक मारली, तोवर मागच्यानं हॉर्न दिला आणि ते गेले. मी हाक मारली आणि गाडी गेली, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

कोंडी कमी झाली, हे मी लिहितो. खोटं लिहून मला काही मिळणार नाही.

पण उन्हाळा आला आणि सरांचा खेळ फसला. आमचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. सिग्नल लाल झाला की एकही मोटारसायकलवाला पुढच्या रेषेपर्यंत जाईना. अलीकडे कडुलिंब आहे, त्याच्या सावलीत सगळे थांबायचे. पुढं मोकळा रस्ता आणि मागं रांग. हिरवा व्हायचा, ही मंडळी सावलीतून निघून रेषेपर्यंत पोचतात तोवर परत लाल. मागची रांग पुन्हा मागच्या चौकात. मी ओट्यावर बसून पोट धरून हसलो. टायरवाल्याला म्हटलं, "बोलव तुझ्या खेळवाल्याला."

सर स्वतःच आले. भर दुपारी, टोपी घालून, रस्त्याच्या कडेला उन्हात उभे. बराच वेळ बघितलं आणि कपाळावर हात मारून मोठ्यानं हसले. "हिवाळ्यात मोजलं ना आपण! सावली घातलीच नाही मी! खान्देशात जन्म गेला आणि सावली विसरलो!" लाज नाही, काही नाही. चारचौघांत स्वतःलाच हसत होते. आठवडाभर येत राहिले. कडुलिंबाची सावली दुपारी कुठवर जाते ते बघितलं, ती मॉडेलमध्ये घातली आणि उन्हाळ्याच्या दुपारी सिग्नल जास्त वेळ हिरवा ठेवायला लावला. जमलं.

पण माझं डोकं फिरलं. मी ओट्यावरून खाली उतरलो. "सर, या झाडामुळं गाड्या थांबतात, माझ्यामुळंही थांबतात. झाडासाठी तुम्ही सिग्नल बदलला. माझ्यासाठी भिंत घातली. का?"

"झाड हलवता येत नाही, सुकाभाऊ."

"आणि मला हलवता येतं?"

 मी वाट बघितली. मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी म्हणेल. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. एवढंच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी दुकान हलवलं. पहूर रस्त्याला जागा घेतली. जागा मोठी आहे, गाड्या आत येतात, बाहेरून कोणाला हाक मारायची गरज नाही. मारली तरी ऐकू जाणार नाही, तिथं गाड्या जोरात जातात. धंदा आहे. पण गिरधर आबांसारखी माणसं आता वर्षाला एकदा येतात आणि ठरवून येतात. जाता जाता थांबणारं कोणी नाही.

मागच्या महिन्यात धुळ्याला काम होतं. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात सरांचं घर शोधलं. जाताना ठरवलं होतं की आज यंत्र नाही, बैठक नाही, आज ऐकवायचं. सर आता निवृत्त आहेत. वहिनींनी दार उघडलं, "या भाऊ," म्हणून आत नेलं. सर टेबलाशी होते. मला बघून एवढे खूश झाले की माझं पहिलं वाक्य राहूनच गेलं.

"सुकाभाऊ! बसा, बसा. चौक कसा आहे?"

"मला काय माहीत? मी तिथं नाही. दुकान हलवलं."

"हलवलं?" सरांचा चेहरा उतरला. मी बघितलं, खरंच उतरला. "कधी?"

"तुम्ही भिंत घातलीत, मग काय करणार? चाळीस वर्षांची जागा होती, सर. लोकांना माझा गळा ओळखीचा होता तिथं." आवाज चढला होता. आतून वहिनी डोकावल्या. मी आणखी बोलणार होतो. सगळं तोंडाशी आलं होतं.

पण सरांची नजर माझ्यावरून हळूहळू सरकली. ती लॅपटॉपवर गेली. "थांबा," ते म्हणाले. "म्हणजे तो आता तिथं नाही."

"कोण?"

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. चौक उघडला. लाल ठिपक्यावर बोट नेलं आणि तो पुसला. मग डिव्हायडरमध्ये, बरोबर माझ्या जुन्या ओट्यासमोर, एक फट ठेवली. एक पिकअप जाईल एवढी. मी मागितली होती तेवढीच. चालवून बघितलं. ठिपके आले, वळले, गेले. कुठंही रांग नाही.

"सुकाभाऊ, बघा! फट ठेवता येते! तुम्ही तिथं नसलात तर फट ठेवायला काहीच हरकत नाही. मी आजच समितीला कळवतो. शेवटी तुमचं म्हणणं झालं की नाही?"

त्यांच्या डोळ्यांत आनंद होता. मला आनंद झाला असेल याची त्यांना खात्री होती. मी उठलो. वहिनी चहा घेऊन येत होत्या, "भाऊ, अहो, चहा," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या घरचा चहा न घेता बाहेर पडलो. पायऱ्यांवर चपला घातल्या.

खिडकी उघडी होती. सरांना मी गेल्याचं कळलंच नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून ते माझ्या रिकाम्या खुर्चीला समजावत होते, "बघा, बघा, आता कोणीच थांबत नाही."